येते म्हणणारं कंपाउंड

अ १

मंगळवारपासून ताईचा डावा हात घराबाहेर आहे. दार त्याला आत घेत नाही.

ताई शाळेतून आली. दाराने नेहमीप्रमाणे विचारलं, “कोण?” ताई नेहमीप्रमाणे म्हणाली, “मी.” मग ताई आत आली, पर्स आत आली, वाटेत घेतलेली मेथीची जुडी आत आली, आणि हात बाहेर राहिला. रक्त वगैरे काही नाही. कुडत्याची बाही रिकामी झाली, तेवढंच. हात जिन्यापाशी चपलांच्या रॅकवर जाऊन बसला, परक्या घरी बसतात तसा, अवघडून.

मी दाराला म्हटलं, “अरे, हा ताईचाच हात आहे.”

“असेल,” दार म्हणालं. “मी ओळखत नाही.”

“रोज येतो-जातो तो.”

“रोज येणाऱ्यांचाच जास्त संशय येतो.”

ताई डावरी आहे. ती भूमिती शिकवते आणि फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढते. त्या वर्तुळावर तिचा सगळा दरारा आहे. तिने उजव्या हाताने पाण्याचा ग्लास घेतला, तोंडाऐवजी कानाजवळ नेला, आणि खाली ठेवला.

समोरच्या धामणेकाकू दार उघडून बघत होत्या.

“शैला, तुझा हात बाहेर राहिलाय गं.”

“हो ना काकू. आत घेत नाहीये.”

“कुलूपवाल्याला बोलाव.”

“डॉक्टरांना दाखवणार आहे.”

“डॉक्टरला दारातलं काय कळतंय,” काकू म्हणाल्या. त्या आत गेल्या आणि मटारच्या शेंगांचं ताट घेऊन आल्या. ते त्यांनी हातासमोर ठेवलं. “बसलाच आहे तर सोलू दे.”

हात मटार सोलायला लागला. एकट्या हाताला शेंग धरून सोलायला त्रास होत होता, पण तो करत होता. ताई आतून बघत होती. तिला शेंगांचा गारवा कळत होता, म्हणाली.

डॉक्टरांनी ताईचं रक्त काढलं, उजेडासमोर धरलं आणि सांगितलं, “शरीर स्वतःच्या माणसांना ओळखेनासं झालंय. आज हात, उद्या गुडघा. गुडघ्यावाचून भागतं. पण किडन्या बाहेर राहिल्या, तर माणूस उरत नाही. मग आमच्या हातात काही नाही.”

ताईने रिकामी बाही हलवून दाखवली. “आणि माझ्या तर आत्ताच नाही.”

डॉक्टर हसले नाहीत. ताई मात्र रिक्षात बसेपर्यंत हसत होती. मग म्हणाली, “उजू, तुम्ही लॅबमध्ये दारंच करता ना?”

“दारं करत नाही गं. दारांशी बोलू शकेल असं कोणी शोधतो.”

“मग शोध की,” ताई म्हणाली.


अ २

प्लेट म्हणजे तळहाताएवढी प्लास्टिकची थाळी. तिच्यात बारीक बारीक घरं असतात. उभ्या-आडव्या ओळी, प्रत्येक घराला एक अक्षर आणि एक आकडा. इंग्रजीत त्यांना विहिरी म्हणतात. आम्ही घरं म्हणतो, कारण विहिरीत कोणी राहत नाही.

प्रत्येक घरात पहाऱ्याची एक पेशी राहते. तिच्या दाराला रिसेप्टर म्हणतात. बाहेर कोणी आलं की दार विचारतं, कोण? उत्तर पटलं नाही की आत दिवा लागतो. दिवा म्हणजे राग. आम्ही खोलीत अंधार करतो आणि कुठल्या घरात किती उजेड आहे ते मोजतो.

आम्हाला हवं असतं असं कंपाउंड, म्हणजे रसायन, जे दारात गेल्यावर दिवा मंद होईल पण घरातलं माणूस जिवंत राहील. नुसता दिवा विझवणारी कंपाउंडं ढीगभर आहेत. ती घरातल्याला मारून दिवा विझवतात. त्यांचे आम्ही आभार मानतो आणि त्यांना बेसिनमध्ये सोडतो.

कंपाउंडं एरवी फ्रीजरमध्ये असतात. बाहेर काढली की वितळतात, अंग झटकतात, कपडे नीट करतात आणि रांगेला लागतात. रांग लॅबच्या बाहेर, भिंतीपर्यंत जाते. रफिक मुलाणी यंत्राचा हात चालवतो, म्हणजे रांगेतल्या एकेकाला उचलून नेमक्या घराच्या दारात ठेवतो. तो सातारचा आहे आणि सकाळी एकच विनोद करतो.

“काय ओ मॅडम, कंपाउंडमधली कंपाउंडं आत घेऊ का?”

“घे.”

“हसत जावा की जरा. फुकटचा विनोद हाय.”

त्या दिवशी सगळ्या घरांत मी ताईच्या पेशी राहायला ठेवल्या होत्या. डॉक्टरांकडून मागून आणल्या होत्या. झाकण उघडून मी कान जवळ नेला. सगळ्या घरांतून आमच्याच दाराचा आवाज येत होता, फक्त बारीक, दूरच्या रेडिओसारखा.

“हे आमच्या घरचं दार आहे,” मी रफिकला म्हटलं.

त्याने विनोद केला नाही. खुर्ची पुढे ओढली आणि यंत्राचा वेग कमी केला.


अ ३ ते अ ९

“कोण?”

“मी.”

“मी कोण?”

“मीटर बघायला आलोय.”

दिवा.

“कोण?”

“तुमचंच माणूस.”

“आमची माणसं असं सांगत नाहीत.”

दिवा.

“कोण?”

“वरच्या मजल्यावरून आले. विरजण मिळेल का?”

“वरती मजला नाही.”

दिवा.

“कोण?”

“अगं, मला ओळखलं नाहीस? तुझ्या मुंजीत आले होते.”

“दारांची मुंज होत नाही.”

दिवा. दिवा. दिवा.


अ १०

(हे घर तुलनेसाठी मोकळं ठेवलं आहे. इथे कोणालाही पाठवलेलं नाही. दिवा पेटलेलाच आहे.)


ब १

मग उजवा गुडघा राहिला. मग डोळ्यांतलं पाणी. ताई आता कोरडी रडते आणि पाणी बाहेर पायरीवर साचतं. धामणेकाकू ते पुसतात आणि फडकं पिळताना म्हणतात, “शैला, पुरे हं आता.”

सोसायटीच्या सेक्रेटरींनी येऊन सांगितलं की जिन्यात सामान ठेवता येत नाही.

“सामान नाहीये हो. ही ताई आहे,” मी म्हटलं.

त्यांनी हाताकडे, गुडघ्याकडे बघितलं. हाताने नमस्कार करायचा प्रयत्न केला, पण नमस्काराला दोन लागतात.

“मग भिंतीकडेला तरी बसवा,” सेक्रेटरी म्हणाले.

ताईने बाहेर जाणं बंद केलं. हे मला शहाणपणाचं वाटलं. जो बाहेर जातच नाही त्याला आत येताना कोण अडवणार. शाळेत कळवलं, पलंग खिडकीशी घेतला. दोन दिवस बरे गेले. मग ताई मोरीतून निघाली आणि मोरीच्या दाराने विचारलं, “कोण?”

त्या दाराने आजवर कधी तोंड उघडलं नव्हतं. नंतर स्वयंपाकघराच्या दारानेही विचारलं. मग कपाटाने. ताईने डोक्यावरून घातलेल्या कुडत्याच्या गळ्याने विचारलं तेव्हा ती आतल्या आत थांबली, डोकं बाहेर काढावं की नाही याचा विचार करत.

“मी,” ती कापडातून म्हणाली.

केस आत राहिले. बाकी चेहरा बाहेर आला.

“बरी दिसते का?” तिने विचारलं.

“बरी दिसतेस.”

“उजू, किडनीला कुठलं दार लागतं गं?”

मला माहीत होतं. किडनीत लाखो दारं असतात, चाळणीसारखी. मी म्हटलं, “बघते.” लॅबला निघाले आणि खालच्या मजल्यावर पोहोचेपर्यंत वरून तिचा आवाज येत होता, एकेका दाराला उत्तर देणारा. मी. मी. मी. अगं मीच.


ब २

रफिक म्हणाला, “मॅडम, इकडं या. ह्या घरात लाइट गेली.”

“मेली का पेशी?”

“न्हाई. गुणगुणतीय.”

मी झाकण उघडलं. घराचं दार अर्धवट लोटलेलं होतं, कडी काढलेली. आत दिवा होता, पण समईइतका मंद. पेशी आत काहीतरी आवरत होती. दाराबाहेर कोणी नव्हतं, नुसती जमीन ओली होती.

“कोण गेलं होतं इथे?”

रफिकने रांगेकडे बोट दाखवलं. त्या कंपाउंडचा अजून पुष्कळसा भाग शिल्लक होता. मिठाच्या रंगाची, बुटकी बाई. खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती आणि पदराने वारा घेत होती.

“तुम्ही दाराला काय सांगितलंत?”

“मी कुठे काय सांगितलं? त्याने विचारलं कोण. म्हटलं, आता कोण काय, मी निघालेच आहे. येते हं.”

“मग?”

“मग ते म्हणालं, या.”

मी पुन्हा दाराकडे बघितलं. ते रस्त्याकडे डोळे लावून बसलं होतं.

आमच्याकडे निघताना कोणी जाते म्हणत नाही. जाते म्हणणं वाईट. येते म्हणायचं आणि जायचं. सगळ्यांना ते माहीत आहे, म्हणून कोणी त्या येतेची वाट बघत नाही. पण दार म्हणजे दार. त्याला जी भाषा कानावर पडते ती ते शब्दाला शब्द लावून ऐकतं. बाई येते म्हणाली आहे. म्हणजे येणार. येणाऱ्या माणसासाठी कडी काढून ठेवायची असते आणि रागाचा दिवा मोठा ठेवून चालत नाही.

“पण तुम्ही खरंच परत येता का?” मी विचारलं.

“छे गं. एकदा गेले की विरघळते मी.”

शेवडे मॅडम आल्या. त्या आमच्या विभागाच्या प्रमुख. त्या कुठलीही चांगली बातमी ऐकली की संशयाने चष्मा पुसतात.

“पुन्हा कर.”

पुन्हा केलं.

“दुसऱ्या प्लेटवर कर.”

केलं. बाई दारात जात होती, येते म्हणत होती, दार या म्हणत होतं, दिवा खाली जात होता. काही घरांच्या दारांनी तर वर “सावकाश जा हं” असंही म्हटलं.

“हिट आहे. औषध होऊ शकेल असं,” मॅडम म्हणाल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला. “पेढे वाटू नका. आधी उंदरांकडे पाठवायचं. मग मोठ्या प्राण्यांकडे. मग परवानग्या. मग माणसं.”

“किती वर्षं?”

“तुला माहीत आहे.”

“ताईचा गळा कालपासून खिडकीबाहेर आहे, मॅडम. बोलते ती तिथूनच.”

मॅडमनी प्लेटवर झाकण ठेवलं. मग म्हणाल्या, “नियम मी केलेले नाहीत. आणि तू मला विचारलेलंही नाहीस.” त्या निघून गेल्या. जाताना येते म्हणाल्या. लॅबचं दार त्यांच्यामागे बंद झालं नाही.

मिठाच्या रंगाची बाई खुर्चीवरून उतरली.

“मी उंदरांकडे जाणार नाही,” ती म्हणाली. “त्यांच्यात येते म्हणायची पद्धत नाही. फुकट जाईन मी. घर लांब आहे का तुझं?”

“स्कूटरवर वीस मिनिटं.”

“मग ऊन उतरायच्या आत निघू. उन्हात मी टिकते, दमट हवेत पसरते.”

“तुमचं नाव काय?”

“नाव अजून पडलेलं नाही. आकडा आहे. पण आकड्याने हाक मारलेली मला आवडत नाही.”

ती आपणहून मागे बसली आणि माझ्या खांद्याला धरलं. तिच्या बोटांचे पांढरे ठसे माझ्या शर्टावर उमटले. रफिकने फाटक उघडलं आणि हसला.


क १

बाई आमच्याकडे आली, दाराला म्हणाली,


क २

“अगं बाई, किती चकचकीत ठेवलंय,” आणि दाराला उत्तर द्यायचं सुचण्याआधी आत येऊन बसली. दार विचारायचंच विसरलं. स्तुतीने काय होतं यावर आम्ही अजून काम केलेलं नाही.

तिने ताईची चौकशी केली. चहा नको म्हणाली, आत्ताच झाला म्हणाली, अर्धा कप म्हणाली, मग पूर्ण कप घेतला. साखर घालताना ताईने विचारलं, “किती?” तर म्हणाली, “साखर माझ्यात विरघळत नाही गं, उगीच तळाशी बसते.”

मग ती उठली. पदर सावरला. दारात जाऊन म्हणाली, “बरं, येते.”

“या हं,” दार म्हणालं.

ती जिना उतरायला लागली. पहिल्या वळणावर तिची वेणी नव्हती. त्याच्या खालच्या वळणावर नुसती चप्पल दिसली, आणि मग पायऱ्या ओल्या होत्या. धामणेकाकूंनी बाहेर येऊन फडकं मारलं.

दार लोटलेलं राहिलं. रॅकवरचा हात उठला. त्याने आधी दाराला बोट लावून बघितलं, चटका बसेल असं वाटून. काही झालं नाही. हात आत आला आणि बाहीत शिरला. गुडघा आला. पायरीवरचं पाणी ओघळत उंबरठा चढलं आणि ताईच्या डोळ्यांत गेलं, तशी ती लगेच रडायला लागली, या वेळी ओलं. खिडकीतून गळा आला. कुडत्यातून केस आले.

“उजू,” ताई म्हणाली, “त्या हाताला चार दिवस खाज सुटली होती गं. कळत होतं आणि खाजवता येत नव्हतं.” आणि ती मनसोक्त खाजवत बसली. मग उठून तिने खडू घेतला आणि कपाटावर एक वर्तुळ काढलं. कंपास न घेता.

मी वर्तुळाकडे बघत होते तेव्हा मफलर गुंडाळलेला एक किडकिडीत गृहस्थ आत आला.

“दार उघडंच होतं म्हणून आलो,” तो म्हणाला.

“आपण?”

“मी पडसं.”

“बसा ना,” ताई म्हणाली. तिला पाहुणा आला की राहवत नाही.


क ३

त्याच्यामागून खोकला आला, बायकोमुलांसह. मग घसादुखी नावाच्या दोन बहिणी, ज्या आधी धामणेकाकूंकडे उतरल्या होत्या आणि तिथलं जेवण त्यांना आवडलं नव्हतं. बुरशी नावाची एक ओलसर म्हातारी आली आणि मोरीत बसली ती उठेचना. नखांमध्ये राहते म्हणाली. एक ताप कपाटात राहायला लागला. तो सज्जन होता, संध्याकाळीच बाहेर यायचा, पण आला की अख्खी खोली गरम व्हायची.

मी त्यांना जायला सांगितलं.

“आम्हाला दाराने काही विचारलं नाही,” खोकला म्हणाला. “तुम्ही कोण विचारणाऱ्या?”

ताई त्यांचं करता करता वाळत चालली. दोन्ही हातांनी चहा गाळत होती, दोन्ही गुडघ्यांवर उभी होती, आणि तिच्या गालांची हाडं वर आली होती. पाहुण्यांपैकी कोणीतरी तिच्या चपला घालून फिरत होतं.

“उजू, ही माणसं वाईट नाहीत गं,” ती म्हणाली. “पण यांना जायचं कसं असतं ते माहीत नाही.”

मी दाराशी गेले.

“लावून घे आता.”

“असं कसं? त्या येते म्हणाल्यात.”

“त्या येणार नाहीत.”

दार माझ्याकडे वळलं. बिजागरी करकरली. “नक्की? तू सांगतेस म्हणून लावतो. पण मग मला पुन्हा सगळ्यांना विचारावं लागेल. आत असलेल्यांनासुद्धा.”

ताईने डावा हात उजव्या हाताने घट्ट धरला.

“थांब,” मी म्हटलं. “मला जरा बघू दे.”


ड १

“उघडं ठेवलं तर बाहेरचे खातात. बंद केलं तर घरचे बाहेर,” मी शेवडे मॅडमना सांगितलं. “मला मधलं हवं.”

“सगळ्यांना मधलं हवं असतं,” मॅडम म्हणाल्या. चष्मा पुसत होत्या, पण संशय नव्हता, उत्सुकता होती. “दार किलकिलं ठेवायचं. ओळखीच्याला वाट, अनोळख्याला प्रश्न. असं कंपाउंड आपल्याकडे नाही. जे जातं ते विरघळतं. दारात टिकून राहणारं पाहिजे.”

मी रांगेत जाऊन विचारलं. “तुमच्यापैकी दारात उभं कोण राहील? आत नाही, बाहेर नाही.”

कंपाउंडं एकमेकांकडे बघायला लागली. एक उंच पिवळट माणूस म्हणाला, “बाई, आम्ही किती वेळ उभे राहणार? आमचं अर्धं आयुष्य तासांत मोजतात.”

“आमच्या अम्मीला बोलवू का?” रफिक म्हणाला.

“कशाला?”

“ती शेजारच्या पाटलीणबाईंकडनं निघती. येते म्हणती आणि दारात उभी राहती. मग ह्यांचं, त्यांचं, लोणच्याचं, लग्नाचं. पाटलीणबाई म्हणत्यात, ये हं. अम्मी म्हणती, येते. आणि परत सुरू. दार ना उघडं ना बंद, मधी अम्मी. त्या टायमाला त्या घरात माशी शिरत न्हाई आणि घरातलं कुणी अडत न्हाई. अब्बा म्हणत्यात, ही आत बसली असती तर लवकर निघाली असती.”

तो विनोद करत होता. मॅडमनी चष्मा खाली ठेवला.

“येते म्हणायचं,” त्या सावकाश म्हणाल्या, “आणि जायचं नाही.”

“अम्मी साताऱ्याला हाय पण,” रफिक म्हणाला. आता त्याचा आवाज बदलला होता.

दाराला आधीपासून माहीत असलेलं कोणीतरी हवं होतं. जिला त्याने आत घेतलंय, आणि जी ताईच्या अंगातली नाही, बाहेरची आहे, हेही त्याला ठाऊक आहे. म्हणजे मी. मी लॅबचा कोट काढून खुंटीला लावला. मॅडम माझ्याकडे एखाद्या नव्या प्लेटकडे बघतात तशा बघत होत्या.


ड २

एक पाय उंबरठ्याच्या आत, एक बाहेर. दार माझ्या खांद्याला टेकलं.

“बरं ताई, येते मग,” मी म्हटलं.

“ये हं,” ताई म्हणाली. आणि मग तिच्या लक्षात आलं मी काय करते आहे. ती पुढे येऊन चौकटीला हात लावून उभी राहिली. “अगं, एक सांगायचं राहिलं. त्या आठवीतल्या पोरीचं.”

“कुठल्या?”

“जिने त्रिकोणाला चार कोन काढले होते.”

“तिचं काय?”

“तिचं बरोबर होतं गं. मी मोजले.”

आम्ही त्या पोरीचं बोललो. मग मामीच्या मोतीबिंदूचं. मग निळ्या साडीचं, जी आईने मला दिली की ताईला दिली यावर आम्ही कधीच एकमत केलेलं नाही.

“मला दिली,” ताई म्हणाली.

“तुला नेसायला दिली. मला ठेवायला दिली.”

“ठेवायला कोणी देतं का साडी? तू पहिल्यापासून अशीच आहेस. दुसऱ्याचं ते आपलं.”

“बरं, येते.”

“ये हं. पण साडी माझी.”

दार खांद्यावर सैल पडलं. जिन्यात कोणी आलं की माझ्या डोक्यावरून बघून विचारायचं. “कोण?” उत्तर बरोबर नसेल तर त्याला परत फिरावं लागायचं. पण ताईचा हात माझ्या कानामागची बट मागे सारायला पुढे आला, बाहेर गेला, आत गेला, आणि दाराने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पडसं उठलं. मफलर गुंडाळला. “बराच उशीर झाला,” असं काहीतरी पुटपुटत अंग चोरून माझ्याजवळून बाहेर पडलं. खोकल्याने मुलं गोळा केली. घसादुखीच्या बहिणी निघताना ताईचा निरोप घ्यायला थांबल्या तर मी म्हटलं, “असू दे, असू दे.” मोरीतली म्हातारीही उठली. ताप सगळ्यांत शेवटी गेला. त्याने कपाट झाडून ठेवलं होतं.

ताईच्या गालांवर मांस आलं. हे सगळं मी दारात उभ्या उभ्या बघितलं आणि मला इतका आनंद झाला की मी क्षणभर गप्प राहिले.

दार हललं. कुठल्या बाजूला ते कळायच्या आत ताई ओरडली, “अगं, आणि मामा?”

“मामाचं काय?”

“काही नाही. मामा बरे आहेत.”


ड ३

उभी राहून मला बरेच दिवस झाले आहेत. बाहेरच्या पायावर ऊन येतं, आतल्या पायावर फरशीचा गारवा. रफिक डबा आणतो. बाहेरच्या हाताने घेते, आतल्या हाताने जेवते. शेवडे मॅडम खालच्या पायरीवर खुर्ची टाकून बसतात आणि मी किती टिकते ते बघतात.

“त्रास होतोय का?”

“नाही. उंबरठा रुंद होतोय.”

तो खरंच होतोय. आधी चार बोटं होता. आता माझ्या दोन पायांमध्ये एक पाट मावेल. काल पाट टाकून धामणेकाकू मध्ये बसल्या आणि त्यांनी शेंगा निवडल्या. चौकटी दोन झाल्या आहेत, एक आतल्या पायाकडे, एक बाहेरच्या. दार मधोमध, माझ्या पाठीशी. ताई दिसते, पण बोलायला आम्हाला जरा मोठ्याने बोलावं लागतं.

“येते गं,” मी ओरडते.

“ये हं,” ताई ओरडते.

अडचण वेगळीच आहे. आमच्या गप्पा संपत आल्या आहेत. मामी झाली, मामा झाले, त्रिकोण झाला. साडीवर आम्ही तडजोड केली आणि नंतर दोघींनाही पश्चात्ताप झाला, कारण तो विषय पुष्कळ दिवस पुरला असता. आता मी न घडलेलं सांगते. ताई तिच्या वर्गात नसलेल्या मुलींबद्दल सांगते. मी सांगितलेलं तिला आठवतं, आपल्याच बालपणातलं म्हणून. तिने सांगितलेलं मी रफिकला माझं म्हणून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, हे तुमचं का ताईंचं?”

“मधलं,” मी म्हटलं.

आज दुपारी ताईचे डोळे मिटायला लागले. ती चौकटीला डोकं टेकून उभी होती. तिची सगळी ताई जागच्या जागी होती, हात, गुडघे, केस, दोन्ही किडन्या. मला तिला उठवावंसं वाटेना. बरी होत असलेल्या माणसाला झोप लागते.

म्हणून मी दोघींचं बोलायला लागले.

“येते मग.”

“ये हं.”

“जेवलीस ना नीट?”

“जेवले गं. तू?”

“मी जेवले.”

दार खांद्यावर शांत होतं. त्याला फरक कळत नव्हता. बरंच चाललं असं. मग मी श्वास घ्यायला थांबले, आणि ताई, मिटल्या डोळ्यांनी, माझ्या आवाजात म्हणाली, “अगं, एक सांगायचं राहिलंच.”

मी तोंड उघडलं नव्हतं.

दाराने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग विचारलं, “तुमच्यातली ताई कोण?”